पाण्याच्या वाटेनं बऱ्हाणपूर

भुसावळहून खंडव्याच्या दिशेनं गाडी निघाली की आधी तापीचा पूल लागतो. मग केळी सुरू होते. सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा अशी स्टेशनं मागे पडत जातात आणि दोन्ही बाजूंना केळीच. महाराष्ट्र कुठे संपला ते डोळ्यांना कळत नाही, कारण माती तीच, पीक तेच, बांधावरची माणसंही तशीच. एवढ्यात बऱ्हाणपूर येतं. डब्यातली निम्मी मराठी माणसं ओंकारेश्वर-उज्जैनला निघालेली असतात, काही काशीला. ती खिडकीतून चहा घेतात, कोणी मावा जिलबीची चौकशी करतं, गाडी हलते. बऱ्हाणपूर पाहायचं राहून जातं.

माझं माहेर भुसावळचं आणि सख्खी मावशी बऱ्हाणपूरला दिलेली. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-चार दिवस तिच्याकडे जाणं व्हायचं. तरी शहर पाहिलं असं म्हणायला मी पन्नाशी गाठली. गेल्या माघात चार दिवस राहिले आणि भाद्रपदात पुन्हा तीन. या दोन फेऱ्यांत एक गोष्ट मनात पक्की झाली. हे शहर इमारतींच्या यादीनं पाहू नये, पाण्यामागे चालत पाहावं. नदी, नदीकाठचा किल्ला, जमिनीखालचं पाणी, बंधाऱ्यावरून पडणारं पाणी. ही वाट धरली की बाकी सगळं आपोआप वाटेत येतं.

एरवी येणारे पर्यटक एका दिवसात मुमताज शोधून परत जातात. रिक्षावालेही त्याच हिशोबानं विचारतात, ‘‘ताज की कहानी देखना है?’’ ती कहाणी खरी आहे आणि तिच्याकडे मी येणारच आहे. पण तिच्यामागे धावताना जे सुटतं, ते जास्त मोठं आहे.

पहाटे राजघाटावर जावं. बऱ्हाणपूर तापीच्या उत्तर काठावर आहे. पायऱ्यांवर उभं राहिलं की डाव्या-उजव्या हाताला जुन्या तटाच्या भिंती सरळ पाण्यात उतरलेल्या दिसतात. समोर पलीकडच्या काठावर झैनाबाद. मुलताईला उगम पावलेली ही नदी सातशे चोवीस किलोमीटर चालून सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या नद्यांसारखी पूर्वेला न जाता पश्चिमेची वाट धरते. घाटावरच्या बायकांना हे पाठ असतं, वेगळ्या शब्दांत. तापी सूर्याची लेक, आषाढ शुद्ध सप्तमीला तिचा जन्म. त्या दिवशी इथे तिची पूजा होते, पाण्यात दिवे सोडतात.

नदीच्या पात्रात, घाटासमोर, दगडाचा एक हत्ती आहे. खडकातूनच कोरलेला. माघात मी पाहिला तेव्हा तो जवळजवळ पूर्ण उघडा होता. पाठ उन्हानं तापून करडी झालेली, कपाळावर शेंदूर, पायांशी हिरवं शेवाळ. कोणी दोन झेंडूची फुलं ठेवून गेलं होतं. हा हत्ती किती जुना असेल? विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी 1610 साली सुरतेहून आग्र्याला जाताना इथून गेला. त्यानं या हत्तीबद्दल लिहून ठेवलंय. तो इतका हुबेहूब आहे की पाणी प्यायला आलेला जिवंत हत्ती त्याच्यावर धावून गेला आणि आपलेच सुळे मोडून बसला, अशी हकिगत त्यानं नोंदवली. हत्तीच्या कपाळाला लाल रंग लावतात आणि लोक त्याची पूजा करतात, हेही त्यानंच लिहिलं. म्हणजे मी पाहिलेला शेंदूर चारशे वर्षांहून जुना आहे. असं काही हाताच्या अंतरावर दिसलं की इतिहासाच्या पुस्तकाला घाम फुटल्यासारखं वाटतं, ते जिवंत होतं.

फिंचनं आणखी एक लिहिलंय, आणि माझ्या मते बऱ्हाणपूर समजायची किल्ली तीच आहे. शहर फार मोठं आहे, पण हवा वाईट, सखल जागा, लोक सतत आजारी, आणि याचं मुख्य कारण इथलं खराब पाणी. भरल्या नदीच्या काठावरचं शहर आणि प्यायला चांगलं पाणी नाही! लाखाची फौज, हजारो घोडे-उंट, विणकरांचे आणि रंगाऱ्यांचे मोहल्ले हे सगळं एकाच नदीवर. शिवाय दख्खनच्या लढाया चालू. शत्रूनं वरच्या अंगाला नदीत काही कालवलं तर सगळी छावणी बसली असती.

फिंच गेल्यावर पाच वर्षांनी, 1615 मध्ये, या दुखण्यावर उपाय झाला. त्या वेळी इथला सुभेदार होता अब्दुर्रहीम खानखाना. दोह्यांमुळे घराघरात माहीत असलेला रहीम तो हाच. त्याच्या कारकिर्दीत तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकारानं सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन चाचपली. डोंगरावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खडकाच्या थरांवरून सावकाश तापीकडे सरकत राहतो. हे पाणी नदीत जाण्याआधी जमिनीखालीच अडवायचं, भुयारातून उताराउतारानं शहराकडे आणायचं, अशी ती योजना. मोट नको, रहाट नको, बैल नकोत. सगळं काम उतार करणार. अशी आठ भांडारं झाली. मूल भांडार, सुखा भांडार, चिंताहरण ही त्यांतली काही नावं. सगळ्यात प्रसिद्ध ते कुंडी भांडार, ज्याला लोक खूनी भांडारही म्हणतात. 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचं नाव गेलं.

ते लालबागेकडे आहे, रेल्वे स्टेशनच्याच बाजूला. वरून पाहिलं तर काही विशेष दिसत नाही. शेतात ठरावीक अंतरानं विटा-चुन्याची गोल तोंडं, विहिरीच्या कठड्यासारखी, एका ओळीत दूरवर गेलेली. या कुंड्या. शंभराहून जास्त आहेत. खणताना माती वर काढायला त्या लागल्या, नंतर भुयारात हवा खेळायला आणि गाळ उपसायला उपयोगी पडल्या. वाकून आत पाहिलं की गार हवेचा झोत तोंडावर येतो आणि खूप खाली पाणी चमकतं. कान दिला तर ते वाहताना ऐकू येतं.

माघात मी खाली उतरले. एका कुंडीतून लिफ्टचा पाळणा खाली सोडतात. ऐंशीएक फूट. वरचं ऊन रुपयाएवढं होत जातं. तळाशी पाय टेकला की घोट्याच्या वर पाणी, कोमट नाही, गारही नाही, अंगाच्या जवळचं. भुयार एवढं अरुंद की दोन माणसांना शेजारून चालता येत नाही. मी भिंतीला हात लावला आणि दचकले. दगड नव्हता, काहीतरी गुळगुळीत, पांढरं, फुगवटे आलेलं. पाण्यातला चुना चारशे वर्षं पापुद्र्यापापुद्र्यानं भिंतींवर बसलाय, घरातल्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच, फक्त इथे हातभर. टॉर्चचा उजेड पडला की संगमरवरासारखा उजळतो. पुढच्या कुंडीखाली वरून उजेडाचा खांब उतरलेला, त्याच्यापलीकडे पुन्हा अंधार, मग पुढचा खांब. सोबतचा तरुण म्हणाला, ‘‘ताई, बोलू नका थोडा वेळ.’’ आम्ही गप्प उभे राहिलो. पाण्याचा आवाज मागून येत होता आणि पुढे निघून जात होता.

वर आल्यावर तिथेच एक आजोबा सायकलला दोन कॅन बांधून पाणी भरत होते. घरी नळ आहे, पण डाळ या पाण्यात चांगली शिजते असं त्यांचं म्हणणं. इतक्या चुन्याच्या पाण्यात डाळ कशी शिजते, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण त्यांच्या चेहऱ्यावरची खात्री पाहून विचारला नाही.

मराठी वाचकाला इथे एक गोष्ट आठवायलाच हवी. त्याच सुमारास, दक्षिणेला, खडकीत म्हणजे पुढच्या औरंगाबादेत मलिक अंबर नहर खोदून घेत होता. आपण पाणचक्कीवर जातो ती त्याच नहरांच्या परंपरेतली. खानखाना आणि मलिक अंबर हे एकमेकांचे वैरी. एक मोगलांचा सेनापती, दुसरा निजामशाहीचा आधार. रणांगणावर वर्षानुवर्षं झुंजणारे हे दोघं जमिनीखाली मात्र एकच विद्या वापरत होते. दोन्हीकडे तहान सारखीच होती. औरंगाबादची नहर पाहिलेल्या माणसानं बऱ्हाणपूरचं भांडार पाहिलं नाही तर गोष्ट अर्धीच राहते.

हे पाणी शहरात शिरल्यावर कुठे कुठे गेलं, ते शोधत मी शाही किल्ल्यात आले. किल्ला खानदेशच्या फारुकी राजांनी बांधला, मोगलांनी वाढवला. नदीकडून पाहिलं तर तो मजल्यावर मजला चढत गेलेला दिसतो. शहराच्या बाजूनं पाहिलं तर तेवढा उंच वाटत नाही. म्हणून आधी नदीवरून पाहावा, मग आत शिरावं. आत हमामखाना आहे. मधोमध हौद, भिंतींत पाणी फिरवायच्या नळ्या, वर घुमट. छताकडे मान वर करून पाहत राहिले. गेरू, हिरवा, निळसर रंगात फुलं आणि वेली, काही ठिकाणी कालच काढल्यासारख्या, काही ठिकाणी पापुद्रा गळून पडलेला. आणि हाताच्या उंचीपर्यंत, जिथे जिथे माणसाचा हात पोचतो तिथे तिथे, खिळ्यानं कोरलेली नावं. ‘अमुक तमुक, प्यार’. हे पाहून मला रडू आलं. हा चुन्याचा गिलावा पुन्हा तसा होणार नाही. तुमच्या सोबत मुलं असतील तर आत शिरण्याआधीच त्यांना सांगा.

याच किल्ल्यात 17 जून 1631 रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. शहाजहान खानजहान लोदीच्या बंडामुळे इथे मुक्काम करून होता. बाहेर खानदेश-गुजरातेत त्या काळातला सगळ्यात भीषण दुष्काळ पडला होता, रस्त्यांवर माणसं मरत होती. ताजमहालाच्या गोष्टीत हा दुष्काळ कधी येत नाही. मला तो येथे उभं राहिल्यावर विसरता येत नाही. मुमताजचा देह नदीपलीकडे, झैनाबादच्या बागेत दफन केला. सहा महिन्यांनी शाहजादा शुजाच्या देखरेखीखाली तो आग्र्याला नेला. ताज इथेच बांधायचा होता, पण माती भुसभुशीत निघाली, वाळवी निघाली असं बऱ्हाणपूरकर सांगतात. ऐकावं. पुरावा मागू नये.

ती जागा म्हणजे आहुखाना, हरणांची बाग. भाद्रपदात मी संध्याकाळी पूल ओलांडून गेले. आजूबाजूला कपाशी आणि केळी, मधे पडकी बारादरी, गवत कमरेएवढं. दोन मुलं शेळ्या चारत होती. तरुणपणी औरंगजेब याच झैनाबादेत हिराबाईच्या, म्हणजे झैनाबादीच्या प्रेमात पडला होता, आंब्याच्या झाडाखाली. तिची कबर औरंगाबादेत आहे. या सगळ्या नावांचा गुंता मला इथेच उलगडला. बऱ्हाणपूर हे नाव बुर्‍हानुद्दीन गरीब या संतांवरून, झैनाबाद हे झैनुद्दीन यांच्यावरून. दोघांचेही दर्गे आपल्या खुलताबादेत. फारुकी राजांनी सहाशे वर्षांपूर्वी शहर वसवलं ते दौलताबाद-खुलताबादकडे तोंड करून. झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारातच पुढे औरंगजेब पुरला गेला.

आणि हे शहर खानदेशाचं. आपण खानदेश म्हटलं की जळगाव-धुळे-नंदुरबार मोजतो. पण फारुकींच्या आणि मोगलांच्या खानदेशाची राजधानी बऱ्हाणपूर होती. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या आणि राजधानी पलीकडे राहिली. मावशीच्या गल्लीत आजही निमाडी, उर्दू, गुजराती आणि मराठी एका ओट्यावर बसतात. ती भाजीवाल्याशी हिंदीत भांडते, माझ्याशी मराठीत बोलते, आणि राग आला की अहिराणीत.

नदी सुरतेला जाते, हे मघाशी सांगितलं. बऱ्हाणपूरला समुद्र नाही, पण या नदीच्या खोऱ्यानं जाणाऱ्या रस्त्यामुळे सुरत हे त्याचं बंदर होतं. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो 1615 च्या ऑक्टोबरअखेर सुरतेहून निघाला आणि पंधरा दिवसांत इथे शाहजादा परवेझच्या दरबारात पोचला. भांडार झालं ते वर्षही हेच. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये इथून दोनदा गेला. सोन्याच्या तारा विणलेलं, फुलं छापलेलं इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, कैरोपर्यंत जातं, असं त्यानं लिहिलं. ते कापड उंटांवर, बैलांवर लादून तापीच्या काठाकाठानं खाली जायचं आणि गलबतांत चढायचं. आजही गल्ल्यांतून फिरताना यंत्रमागांची खडखड थांबत नाही. आता बहुतेक साधं सुती कापड निघतं. पण दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना तो आवाज ऐकला की वाटतं, चारशे वर्षं हे शहर एकाच कामाला बसलंय.

या श्रीमंतीवर मराठ्यांचीही नजर होती. 1681 च्या जानेवारीअखेर हंबीरराव मोहिते फौज घेऊन इथे येऊन धडकले आणि बहादूरपुरासह श्रीमंत पुरे लुटले. त्याच वर्षाच्या शेवटी औरंगजेब स्वतः इथे आला आणि मग दक्षिणेतून जिवंत परतला नाही. शहराबाहेर, तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळ बोहरडा गावी एक छत्री आहे, राजाची छत्री म्हणतात. ती मिर्झाराजे जयसिंगांची. पुरंदरचा तह करणारा हा माणूस 1667 मध्ये बऱ्हाणपुरात वारला. पुरंदर पाहिलेल्या प्रत्येकानं इथे येऊन पाच मिनिटं बसावं असं मला वाटतं. छत्रीखाली वारा सुटलेला असतो आणि संगमाचं पाणी दोन रंगांत वाहत असतं.

जामा मशीद चौकातच आहे, तिच्यासाठी वेगळी वाट वाकडी करावी लागत नाही. राजा अली खान फारुकीनं 1589 च्या सुमारास ती पुरी केली. तिच्या भिंतीवर अरबीबरोबर संस्कृतात, देवनागरीत कोरलेला लेख आहे. विक्रम संवत 1646, शके 1511 अशी तिथी, आणि राजाची वंशावळ. मशिदीत शके वाचताना हात आपोआप जोडले जातात. काळ्या दगडातली शाहनवाज खानाची कबर उतावळी नदीकाठी, आणि शहरातला बोहरा समाजाचा दर्गाह-ए-हकीमी अतिशय स्वच्छ, बागेनं वेढलेला. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये नांदेडला जाताना इथे राहिले, तो गुरुद्वारा बडी संगत. दीड दिवसात हे सगळं पायी आणि रिक्षानं होतं.

पायांना खरं काम हवं असेल तर असीरगड. खंडवा रस्त्यावर वीसेक किलोमीटर. सातपुड्याच्या खिंडीवर बसलेला, पायथ्यापासून अडीचशे मीटरवर. उत्तरेतून दख्खनेत उतरणारा प्रत्येक जण याच्या नजरेखालून जायचा. अकबरानं तो 1601 मध्ये घेतला. नंतर पेशव्यांकडे, शिंद्यांकडे. नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटून आश्रयाला आले ते इथेच, आणि 1819 च्या एप्रिलमध्ये वेढ्यानंतर गड इंग्रजांच्या हाती गेला. वर इंग्रजांची थडगी आहेत, पडक्या बराकी आहेत, आणि एक शिवमंदिर, जिथे अश्वत्थामा रोज पहाटे येऊन फूल वाहून जातो अशी श्रद्धा आहे. मी सकाळी सातला पोचले. पिंडीवर ताजं फूल होतं. पुजाऱ्यांना विचारलं नाही. वरच्या तळ्याकाठी बसून घरून आणलेल्या दशम्या खाल्ल्या.

पण मला विचाराल तर पावसाळ्यात महाल गुलाराला जा. शहरापासून वीसेक किलोमीटरवर उतावळी नदी अडवून बंधारा घातलाय आणि दोन्ही काठांना एकमेकांकडे पाहणारे दोन छोटे महाल. शहाजहानच्या काळातले. भाद्रपदात बंधाऱ्यावरून पाण्याची अखंड चादर पडत होती. महालाच्या खिडकीत बसलं की तुषार अंगावर येतात, समोरच्या खिडकीतला माणूस दिसतो पण हाक ऐकू येत नाही. रविवारी भुसावळ-खंडव्याहून कुटुंबं येतात, मुलं खालच्या डोहात उतरतात. दगड शेवाळलेले असतात, तेव्हा रबरी तळव्याचे बूट हवेत आणि मुलांवर डोळा हवा. मे महिन्यात इथे कोणी येऊ नये. रावेर-बऱ्हाणपूरचं ऊन काय असतं ते खानदेशी माणसाला सांगायला नको.

संध्याकाळी परतल्यावर खायचं. मावा जिलबी जाड, काळपट तपकिरी, आतून ओलसर. गरमच खावी, आणि एकच. दराबा म्हणजे रवा-तूप-साखर इतकं घोटायचं की ते हलकं होऊन जिभेवर विरघळावं. आणि मांडे. आपल्याकडे पुरणाचे मांडे खापरावर होतात. इथले बिनपुरणाचे, हातावर फिरवून धोतराएवढे पसरलेले, उपड्या कढईवर क्षणात भाजलेले, रुमालासारखे घडी घालून देतात. माणसाच्या कोपरापासून मनगटापर्यंत ते पीठ चढत-उतरत जातं. मी अर्धा तास नुसती पाहत उभी होते.

निघायच्या आदल्या दिवशी वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला. रात्री मावशी म्हणाली, ‘‘चल, हत्ती बघून येऊ.’’ ऐंशीची बाई, गुडघे दुखतात, तरी काठी टेकत घाटावर आली. नगरपालिकेचा भोंगा वाजून गेला होता. निम्मी गल्ली पायऱ्यांवर उभी होती. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं, ओंडके आणि केळीचे खुंट वाहून येत होते. हत्ती दिसत नव्हता.

‘‘पाठ गेली,’’ मावशी म्हणाली. ‘‘माझ्या सासऱ्यांच्या वेळी असं व्हायचं, तेव्हा ते म्हणायचे, पाठ गेली की खालच्या दुकानातला माल वर काढा. कान गेले की पोरं वर काढा.’’

आम्ही उभ्या राहिलो. कोणीतरी मोबाईलचा टॉर्च पाण्यावर धरला. उजेडाच्या वर्तुळात, मध्यावर, पाणी एका जागी दुभंगून दोन बाजूंनी जात होतं.

‘‘आहे अजून,’’ ती म्हणाली, आणि काठी दुसऱ्या हातात घेतली. ‘‘कपाळ वर आहे.’’